गेल्या वर्षीचा मोदक

आमच्या सोसायटीत गेल्या अकरा वर्षांत जे जे वारले ते सगळे मनमिळाऊ होते. शिवाय शिस्तप्रिय, सर्वांच्या अडीअडचणीला धावून जाणारे आणि सोसायटीच्या जडणघडणीत सिंहाचा वाटा उचलणारे. त्यांतल्या एका गृहस्थांनी चार वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता, आणि वॉचमनशी बोलताना ते फक्त क्रियापदं वापरत, तीही आज्ञार्थी. पण गेले आणि मनमिळाऊ झाले. यात कोणाचा मोठेपणा वगैरे काही नाही. शोकठरावाची फाईल एकच आहे.

ती फाईल माझ्याकडे वारशाने आली. डोंबिवलीतली, चोवीस बिऱ्हाडांची, लिफ्ट नसलेली आमची इमारत. "तुम्हाला कम्प्युटर येतो ना?" एवढ्या एका पात्रतेवर मी सचिव म्हणून बिनविरोध निवडून आलो. आधीचे सचिव मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते. जाताना त्यांनी मला तीन वस्तू दिल्या: गच्चीची किल्ली, सोसायटीचा रबरी शिक्का आणि एक पेनड्राइव्ह. किल्ली गच्चीच्या कुलपाला लागत नव्हती, शिक्क्याचं पॅड वाळून खडखडीत झालं होतं, पेनड्राइव्ह मात्र काठोकाठ भरलेला होता.

"सगळं आहे यात," ते म्हणाले. "एक अक्षर टाइप करायला लागत नाही. जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, प्रिंट मारायची."

तेव्हा मला हा गुरुमंत्र वाटला होता. आता वाटतं, महाराष्ट्रातलं निम्मं लेखी कामकाज या मंत्रावर चाललंय आणि उरलेलं निम्मं नाव बदलायचं राहिल्यामुळे अडलंय.

पहिल्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गेल्या. सगळी इमारत त्यांना ताई म्हणायची. सभा रविवारी होती. मी शोकठरावाची फाईल उघडली. तिच्यातले आधीचे दिवंगत 'राव' होते. आता सगळीकडचे राव काढून ताई घालायच्या. एकेक शोधत कोण बसणार? मला कंट्रोल-एच येत होतं, आणि अर्धवट येणाऱ्या विद्येइतकं घातक काही नसतं. शोधा: राव. बदला: ताई. रिप्लेस ऑल. अकरा ठिकाणी बदल केल्याचं कम्प्युटरने नम्रपणे सांगितलं. फाईलमध्ये गृहस्थांचं नाव सात वेळा होतं. मग अकरा कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. प्रिंट मारली.

आमचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले. कागदावर जे असेल ते वाचायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. ते उभे राहिले, चष्मा लावला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "शोकठताई क्रमांक एक."

कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, मी काढलेला एखादा नवीन शब्द असेल. पुढे आलं, "त्यांच्या निधनाने या घताईर दुःखाचा डोंगर कोसळला आहे." मग "समाजाच्या सर्व स्ततांईर" असं काहीतरी वाचायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, कागदावर 'स्तताईर' होतं. शेवटी "पुढील सोपस्कार कताईयाचे असून" इथे ते थांबले, कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हे काय आहे?" शोकठराव, घरावर, स्तरावर आणि करावयाचे. सात आणि चार अकरा. हिशेब तिथे लागला.

बरं, एवढं करून ताई पूर्ण ताई झाल्याच नव्हत्या. नाव बदललं तरी त्या धावून 'जाणारे'च होत्या आणि सर्वांना सोडून 'गेले' होत्या. इंग्रजीतल्या माणसाला ही अडचण कळायची नाही. तिथे ही-ची शी केली की निम्मं काम झालं. मराठीत माणूस बदलला की वाक्य थेट शेपटीपर्यंत बदलावं लागतं, आणि कम्प्युटर शेपटीपर्यंत जात नाही.

ताईंची मुलगी नाशिकहून आली होती. मी तिची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "असू दे हो काका. आईला हसायला आवडायचं." खरोखर मनमिळाऊ होत्या त्या. पण आता हे लिहून कोणाला खरं वाटणार? तो शब्द आम्ही आधीच सगळ्यांवर खर्च करून टाकलेला.

हा प्रकार घरी सांगितला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तू टेम्प्लेट का नाही करत?"

मी म्हटलं, "आहे की टेम्प्लेट. तीच तर उघडली."

"ती टेम्प्लेट नाहीये. ती जुनी फाईल आहे."

मला फरक कळेना. शेवटी तिच्या आईने स्वयंपाकघरातून निकाल दिला. "अहो, साचा वेगळा आणि मोदक वेगळा."

यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. साच्यात आत काही नसतं, आकार तेवढा असतो. दर वेळी नवी उकड, नवं सारण. आपण काय करतो, गेल्या वर्षीचा मोदक घेतो, चमच्याने जुनं सारण कोरून काढतो आणि नवं भरतो. थोडं खोबरं कडेला राहतंच. मग नव्या नोटिशीला जुन्या खोबऱ्याचा वास येतो. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली "तरी सर्व गणेशभक्तांनी लाभ घ्यावा" ही ओळ येते ती अशी. आमच्याकडे आली होती.

या वस्तूला म्हणायचं काय, यावरही आपलं एकमत नाही. वर्डमध्ये 'टेम्प्लेट' असतं. मराठी विकिपीडियावर 'साचा' म्हणतात. सरकार 'नमुना' म्हणतं. तोंडात मात्र एकच शब्द, 'फॉरमॅट'. "तुझ्याकडे फॉरमॅट आहे का रे?" असं कोणी विचारलं की समजावं, रजेचा अर्ज, भाडेकरार किंवा राजीनामा यांपैकी काहीतरी शिजतंय. आणि फॉरमॅट म्हणून आपण जे पाठवतो ते आपलंच दोन वर्षांपूर्वीचं, भरलेलं, सही केलेलं पत्र असतं. माझ्याकडे आत्ता एका मित्राने पाठवलेला राजीनाम्याचा फॉरमॅट आहे. त्यात त्याच्या मित्राचं नाव, पगार आणि साहेबांबद्दलचं खरं मत आहे.

सरकारचं 'नमुना' हे काम मात्र पक्कं. महसूल खात्यात गावाच्या दप्तराचे एकवीस नमुने, गाव नमुना १ ते २१. त्यातला सातवा अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमीन कोणाची. बारावा पिकांचा, म्हणजे त्यात काय पेरलं. हे दोन एका कागदावर आले आणि 'सातबारा' झाला. जगात इतर ठिकाणी लोक जमिनीसाठी भांडत असतील, आपल्याकडे दोन फॉर्मच्या नंबरांसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. आठ अ म्हणजे खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन, सहा म्हणजे फेरफार. शाळेत पाढे विसरलेला माणूससुद्धा हे आकडे विसरत नाही. आणि निवडणूक आली की मागणी काय? सातबारा कोरा करा. कर्जाचा बोजा उतरवा, असं कोणी म्हणत नाही. नमुन्यावर आधीचं भरलेलं पुसा, म्हणतात. टेम्प्लेटची मूळ कल्पना आमच्या शेतकऱ्याला माझ्याआधी किती तरी वर्षं कळलेली होती.

शासन निर्णयांचंही तसंच. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" हे असतंच, मग वर मोठ्या धोरणाची घोषणा असो नाहीतर एखाद्या कार्यालयाच्या गळक्या छपराची दुरुस्ती. राज्यघटनेने तसं सांगितलंय म्हणून ते असतं, हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी राज्यपाल छत्री घेऊन छपरावर उभे दिसतातच.

पेशवाईतल्या कारकुनाकडे वर्ड नव्हतं, पण साचा होता. वर श्री. मग कोणाला 'राजमान्य राजश्री', कोणाला त्याच्याही आधी 'अखंडितलक्ष्मी अलंकृत', हे ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे ठरलेलं. मधे काय तो मजकूर, मग 'बहुत काय लिहिणे', आणि खाली मोर्तब. बोरू न उचलता मोडीत हे सगळं सरसर लिहिलं जायचं, म्हणजे वरचं-खालचं हाताने आपोआप उतरायचं आणि डोकं फक्त मधल्या चार ओळींना लागायचं. टेम्प्लेटकडून याहून जास्त आपण तरी काय मागतो? तीच परंपरा 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' पर्यंत आली आणि परीक्षेच्या हॉलमध्ये संपली. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी वडिलांना आयुष्यातलं एकमेव पत्र पाच मार्कांसाठी लिहिलं आहे, आणि खाली सही 'अ. ब. क.'

सचिव होण्याच्या आधीची एक जखम आहे, ती इथेच सांगतो. एका कामासाठी मला प्रतिज्ञापत्र हवं होतं. कचेरीबाहेर झाडाखाली पूर्वी टाइपरायटरची रांग असायची, आता तिथे लॅपटॉप आणि प्रिंटर असतात, झाड तेच. मी माझी माहिती सांगितली, त्या मुलाने आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल उघडून ठिकठिकाणी मला बसवलं, दोन मिनिटांत कागद हातात. मी सही केली, शिक्का झाला, घरी येऊन वाचलं. "मी खाली सही करणार, वय ६१ वर्षे, धंदा – गृहिणी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की..." दुसऱ्या दिवशी धावत गेलो. तो म्हणाला, "काका, धंदा कोण बघतंय? सही आणि शिक्का बघतात." आणि खरंच, तो कागद पुढे तीन टेबलांवरून गेला, कोणी बघितलं नाही. तेव्हा माझं वय ५२ होतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "शपथेवर लिहून दिलंय ना? मग उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे." तो आजही माझ्याकडे आहे.

तर मुलीच्या सांगण्यावरून मी साचा करायला बसलो. आधी जुनी नोटीस साफ करायची होती. मुलीने कसलंसं बटण दाबलं आणि न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. जिथे जिथे स्पेसबार दाबलाय तिथे एकेक बारीक ठिपका. 'सूचना' हा शब्द मध्यभागी आणण्यासाठी कोणीतरी स्पेसबार चौतीस वेळा दाबला होता. साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांगच. खाली 'आपला विश्वासू' उजवीकडे ढकलायला टॅब, मग स्पेस, मग पुन्हा टॅब. पान बदलायला तेवीस वेळा एंटर. म्हणून सचिवाचं नाव एका अक्षराने मोठं झालं की विश्वासू खालच्या ओळीवर घसरायचा. मधे आणायला एक बटण असतं, कंट्रोल-ई दाबलं तरी चालतं. शीर्षकाला 'हेडिंग' ही स्टाइल लावली की पुढे एका जागी बदल केला तर सगळीकडे होतो. हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नावही होतं. ते ना माझं, ना आधीच्या सचिवांचं. ते स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याचं होतं. सोसायटीच्या सगळ्या सूचना, ठराव आणि धमक्या यांचा आद्य ग्रंथकार तो, आणि त्याला पत्ताच नाही.

काही फाईली तर उघडल्या की मराठीच नसायच्या. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. तो फॉन्ट मशीनवर नसला की 'थकबाकी' ही इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची खूण यांची खिचडी होऊन समोर येते. थकबाकीदाराला ती तशीच पाठवावी असं एकदा मनात आलं होतं. युनिकोडमध्ये ती पंचाईत नाही. विंडोजवर देवनागरीसाठी बरीच वर्षं जो फॉन्ट मिळत आलाय त्याचं नाव मात्र 'मंगल'. आमचे सगळे शोकठराव मंगलमध्ये आहेत.

मजकूर साफ झाला. मुलगी म्हणाली, "आता सेव्ह अ‍ॅज. आणि खाली टाइपमध्ये 'वर्ड टेम्प्लेट' निवड." फाईलच्या शेपटीला डॉक्स असायचं तिथे डॉटएक्स आलं. २००७ च्या आधी हे नुसतं डॉट होतं. ज्यात मॅक्रो असतात ते डॉटएम. लिब्रेऑफिसवाले ओटीटी म्हणतात, पण ओटीटी म्हटलं की आमच्याकडे रिमोट शोधायला लागतात. मी सेव्ह केलं, पेनड्राइव्ह उघडला. फाईल नाही. डेस्कटॉपवर नाही. शोधाशोध केल्यावर कळलं, टेम्प्लेट म्हटलं की वर्ड ती आपणहून 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यातला प्रकार. फाईल जन्मली ती थेट आजोळी.

तिथून उघडली तर आणखी गंमत. दोनदा क्लिक केलं आणि वर नाव आलं 'डॉक्युमेंट वन'. मला वाटलं, माझी फाईल गेली. गेली नव्हती. डॉटएक्सवर दोनदा क्लिक केलं की वर्ड साच्याला हात लावू देत नाही, त्यातून काढलेला ताजा मोदक पानात वाढतं. त्यावर काय वाटेल ते करा, साचा फडताळात सुरक्षित. साच्यालाच दुरुस्त करायचं असेल तर उजवं बटण दाबून 'ओपन' म्हणायचं. मी आनंदाने दोन-चार मोदक पाडून बघितले. अकरा वर्षांत कोणी आम्हाला हे सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं. कारण साचा करायला एक संध्याकाळ लागते आणि जुनी फाईल उघडायला अर्धं मिनिट. ती अर्धी मिनिटं जमवून जमवून आपण शोकसभेत शोकठताईपर्यंत येतो.

आमच्या खजिनदारांना हे पटलं नाही. ते जुन्या वळणाचे. "साचाबिचा तुमच्याकडे ठेवा. मी कोऱ्या पानावर करतो," म्हणाले. मला नुकतंच कळलं होतं ते मी त्यांना सांगितलं: वर्डमध्ये कोरं पान असं नसतंच. तेही 'नॉर्मल' नावाच्या एका साच्यातूनच निघतं. समास किती, अक्षर कोणतं, ओळींत अंतर किती, हे आपण लिहायच्या आधी तिथे ठरलेलं असतं. खजिनदार हसले. आठवड्याने त्यांचा फोन. त्यांना नोटिशीचं अक्षर मोठं आणि ठळक हवं होतं, म्हणून फॉन्टच्या खिडकीत २६ आकडा घातला, आणि 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' हे बटण त्यांना आश्वासक वाटलं. मग त्याने विचारलं, हे याच कागदापुरतं की नॉर्मलमधून निघणाऱ्या सगळ्या कागदांसाठी? खजिनदार उदार माणूस. सगळ्यांसाठी, म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं प्रत्येक कोरं पान ओरडत उघडायला लागलं. नातवाने शाळेचा निबंध लिहायला घेतला, 'माझा आवडता पक्षी', तर पक्ष्याला एक अख्खं पान पुरेना. शेवटी मुलीने तो बिघडलेला नॉर्मल बाजूला केला. वर्ड उघडताना नॉर्मल सापडला नाही तर ते मुकाट्याने नवा, कोरा नॉर्मल तयार करतं. माणसांत ही सोय असती तर आमच्या सभा वेळेवर संपल्या असत्या.

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती आणि ती तारखेची होती. सूचनेच्या साच्यात दर वेळी तारीख कोण टाइप करणार, म्हणून मी 'इन्सर्ट डेट' मध्ये जाऊन 'अपडेट ऑटोमॅटिकली' वर टिक केली. हुशारी अंगाशी येते ती अशा बारीक चौकोनातून. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. आम्ही दोन्ही केलं. सूचना ५ सप्टेंबरला लावली, सभा २१ ला झाली. विषयपत्रिकाही बिनचूक: पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, शेवटचा ऐनवेळी येणारे विषय. मधल्या विषयांवर कोणी बोलत नाही.

जानेवारीत ऑडिटर आले. त्यांनी सूचनेची प्रत मागितली. बोर्डावरची कधीच रद्दीत गेली होती. मी फाईल उघडली, प्रिंट मारली, अदबीने दिली. त्यांनी वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"सभा सप्टेंबरची?"

"हो."

"सूचना सतरा जानेवारीची?"

फाईल जेव्हा उघडावी तेव्हा ती आजची. अश्वत्थाम्यापासून सुरू होणारे सात चिरंजीव आपण मानतो, आठवी आमची सूचना. मी ऑडिटरना समजावून सांगायला तीच फाईल पुन्हा उघडून दाखवली, म्हणजे पुरावा आणखी ताजा झाला. शेवटी त्यांनी एका सभासदाच्या मोबाईलमधला बोर्डाचा फोटो ग्राह्य धरला. त्या फोटोत सूचनेच्या पुढे त्या सभासदाची मुलगी वाढदिवसाच्या फ्रॉकमध्ये उभी आहे. तो फोटो आता आमच्या ऑडिटच्या फाईलमध्ये आहे. यावर इलाज होता. त्या जागी 'क्रिएटडेट' नावाचं फील्ड घातलं की कागद जन्माला आला ती तारीख कायम राहते. नाहीतर सरळ हाताने तारीख लिहावी. बाराखडी येणाऱ्या कोणालाही जमतं ते.

मग मी थकबाकीच्या पत्राचा साचा केला आणि त्यात रिकाम्या जागांवर करड्या अक्षरांत सूचना पेरल्या: 'येथे नाव लिहा', 'येथे सदनिका क्रमांक लिहा', 'येथे रक्कम लिहा'. क्लिक केलं की ती ओळ जाते आणि आपण लिहितो ते येतं. फार देखणं दिसत होतं. तेवढ्यात मला चार दिवस गावी जावं लागलं. जाताना खजिनदारांना सांगून गेलो, "फक्त उघडायची, भरायची, प्रिंट मारायची." त्यांनी पहिलं आणि तिसरं केलं.

परत आलो तर जिन्याखालच्या बोर्डावर, सोसायटीचा शिक्का आणि खजिनदारांची सही असलेलं पत्र: "सदनिका क्र. येथे सदनिका क्रमांक लिहा मधील श्री. येथे नाव लिहा यांच्याकडे रु. येथे रक्कम लिहा इतकी थकबाकी असून ती आठ दिवसांत न भरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल." करड्या ओळी भरल्या नाहीत तर त्या तशाच छापल्या जातात, हे मी सांगायचं विसरलो होतो. तळमजल्यावरच्या एका पोराने वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळून नावाच्या जागी स्केचपेनने स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं.

मी पत्र काढायला हात वर केला, तर खजिनदारांनी अडवलं. "राहू द्या. तिघांनी पैसे भरले." तीन वेगवेगळ्या घरांतून, तीन वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. नावानिशी पाठवलेल्या पत्रांना वर्षानुवर्षं दाद न देणाऱ्यांपैकी दोघे त्यात होते. ते पत्र आम्ही अजून काढलेलं नाही.

आता उरला शोकठराव. मुलगी म्हणाली, 'मनमिळाऊ'च्या जागी ड्रॉप-डाउन ठेव, बाण दाबला की यादी खाली येईल, त्यातून निवडायचं. मी यादी केली: मनमिळाऊ, शिस्तप्रिय, परखड, स्पष्टवक्ते, मितभाषी, आणि मेंटेनन्स न भरणाऱ्यांसाठी 'स्वतंत्र विचारांचे'. प्रत्येकाची बाईमाणसासाठी वेगळी ओळ, क्रियापदाच्या शेपटीसकट. कार्यकारिणीत दाखवली तर दीड तास दुसरा विषय निघाला नाही. आपल्या नावापुढे काय येणार, हे प्रत्येकाला आत्ताच हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, 'परखड' चालेल, पण 'स्पष्टवक्ते' नको, त्यात टोमणा आहे. एकाने 'मितभाषी'ला आक्षेप घेतला आणि त्यावर पंचवीस मिनिटं बोलला. अखेर सर्वानुमते ठराव झाला, की यादी रद्द करून पूर्वीप्रमाणे सर्वांना 'मनमिळाऊ' ठेवावे. सूचक खजिनदार, अनुमोदक अध्यक्ष.

माझ्यानंतर जे कोणी सचिव होतील त्यांना एक विनंती. फाईल 'साचे' नावाच्या फोल्डरात ठेवली आहे. उजवं बटण दाबू नका, दोनदा क्लिक करा. करड्या जागा भरा, तारीख एकदा बघा. आणि माझी वेळ येईल तेव्हा मनमिळाऊ म्हणा, काही म्हणा, पण रिप्लेस ऑल करू नका.